पाठ टाचणातला नवा रकाना

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरील एका शाळेत गेल्या वर्षी सराव पाठाच्या निरीक्षणासाठी गेले असताना वर्गाच्या मागच्या भिंतीवर एक मोठा तक्ता लावलेला दिसला. त्याच्या डाव्या बाजूस गेरूच्या रंगाच्या कागदावर पांढऱ्या रंगाने काढलेला वारल्यांचा तारपा नाच होता, उजव्या बाजूस कान साफ करण्याच्या काड्या रंगात बुडवून उठवलेल्या ठिपक्यांचे कांगारू आणि बूमरँग होते, आणि वर कापलेल्या रंगीत कागदाच्या अक्षरांत ‘जगातील आदिवासी कला’ असे शीर्षक होते. छात्राध्यापिकेने रात्री जागून तो तक्ता केला होता, सहावीची मुले रंगाने माखलेली बोटे एकमेकांना दाखवत होती, आणि मीही निरीक्षण वहीत ‘शैक्षणिक साधनांचा उत्तम वापर’ असा शेरा लिहून वरच्या श्रेणीचे गुण देऊन टाकले होते. अध्यापक महाविद्यालयात वीस-बावीस वर्षे काढल्यावर असे शेरे हात आपोआप लिहितो.

तास संपल्यावर जवळच्या येऊर डोंगरातल्या आदिवासी पाड्यावरून येणारी एक मुलगी तक्त्यापाशी रेंगाळली. तारपा नाचाच्या शेजारची जागा रिकामी दिसू नये म्हणून छात्राध्यापिकेने एका पुस्तकातून लग्नचौक उतरवला होता, आतल्या पालघट देवीसकट. मुलीने तक्रार केली नाही. तिने फक्त विचारले, “बाई, इथं कोणाचं लगीन हाय?”

वारली लग्नघरात हा चौक सुवासिनी तांदळाच्या पिठाने घरातल्या भिंतीवर काढतात, धवलेरी त्या वेळची गाणी म्हणते आणि चौकावाचून लग्न लागत नाही, हे मला पुस्तकातून ठाऊक होते; छात्राध्यापिकेचे टाचण, म्हणजे पाठाचा लेखी आराखडा, तपासताना ‘आशय अचूक’ अशी खूणही मी केली होती. तरीही चौक ही नक्षी नसून एका प्रसंगाचा भाग आहे, आणि प्रसंगावाचून काढलेला चौक त्या मुलीला नवरानवरी नसलेल्या मांडवासारखा दिसणार, हे आम्हा दोघींपैकी एकीच्याही ध्यानात आले नव्हते.

याहून मोठी चूक दुसऱ्या दिवशी झाली आणि ती सर्वस्वी माझ्या सल्ल्याने झाली. ‘विद्यार्थ्याच्या पूर्वानुभवाचा उपयोग करा’ हे आमचे आवडते सूत्र असल्यामुळे मी छात्राध्यापिकेला सुचवले की, त्या मुलीलाच वर्गासमोर उभे करावे आणि चौकाची माहिती तिच्याच तोंडून मुलांना ऐकवावी. मुलगी उभी राहिली, वेणीच्या रिबिनीचे टोक चघळत राहिली, एक शब्द बोलली नाही, आणि पुढचे दोन दिवस शाळेत आली नाही. अकरा वर्षांच्या मुलीला आम्ही एका अख्ख्या समाजाची प्रवक्ती केले होते, तेही तिच्या घरातल्या कोणा मोठ्या बाईला न विचारता.

माझी भाची मेलबर्नमध्ये प्राथमिक शिक्षिका होण्याचा अभ्यासक्रम पूर्ण करत आहे. तक्त्याचे छायाचित्र मी तिला कौतुकाने पाठवलेच होते; त्यावर तिचे उत्तर आले, “मावशी, उजवीकडचा कांगारू आमच्याकडे लावता आला नसता.” त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत तिच्याशी झालेल्या बोलण्यातून आणि तिने सुचवलेल्या वाचनातून जे कळत गेले, ते इथे मांडत आहे.

ऑस्ट्रेलियात शिक्षकांसाठी २०११ साली राष्ट्रीय व्यावसायिक मानके प्रसिद्ध झाली. एकूण सात मानके आणि त्यांच्या पोटात ३७ बाबी आहेत. त्यांपैकी दोन बाबी थेट तिथल्या मूळ रहिवाशांशी, म्हणजे अ‍ॅबोरिजिनल आणि टॉरेस सामुद्रधुनीतील बेटांवरील समाजांशी संबंधित आहेत. १.४ क्रमांकाची बाब या समाजांतील मुलांना कसे शिकवावे याविषयी आहे, तर २.४ क्रमांकाची बाब त्यांचा इतिहास, संस्कृती आणि भाषा इतर सर्व मुलांपर्यंत आदराने कशा पोहोचवाव्यात याविषयी. वर्गात त्या समाजाचे एकही मूल नसले तरी शिक्षकाची दुसऱ्या बाबीतून सुटका नाही, ही गोष्ट मला विशेष वाटली. आपल्याकडे ‘आदिवासी शिक्षण’ हा विषय आश्रमशाळेच्या फाटकाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. ठाण्यातल्या पंचविसाव्या मजल्यावरून शाळेत येणाऱ्या मुलाने येऊरच्या माणसाविषयी काय आणि कसे शिकावे, हा प्रश्न आमच्या एकाही प्रश्नपत्रिकेत मी पाहिलेला नाही.

ही मानके हवेतून आलेली नाहीत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांपासून सत्तरच्या दशकापर्यंत तिथल्या सरकारांनी आणि मिशनांनी अ‍ॅबोरिजिनल मुले घरांतून उचलून संस्थांमध्ये आणि गोऱ्या कुटुंबांमध्ये ठेवली. त्यांची भाषा तोडली, नावे बदलली. या धोरणाची चौकशी करणारा अहवाल १९९७ साली आला आणि १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत माफी मागितली. ज्या व्यवस्थेने मुले हिरावली, तिच्याच एका खोलीत उभे राहून आता तुम्ही त्या लोकांची गोष्ट सांगणार आहात, ही जाणीव तिथल्या भावी शिक्षकाला पहिल्या सत्रातच करून दिली जाते.

शिष्टाचाराचा पहिला धडा स्वागताचा आहे. शाळेच्या कार्यक्रमाच्या आरंभी, ही भूमी कोणत्या समाजाची आहे हे सांगून त्या समाजाच्या ज्येष्ठांविषयी आदर व्यक्त करणे, हे भूमीचे स्मरण कोणीही करू शकतो. माझी भाचीही वुरुंजेरी लोकांचे नाव घेऊन ते करते. मात्र ‘या भूमीवर तुमचे स्वागत असो’ असे म्हणण्याचा अधिकार फक्त त्या भूमीच्या मूळ लोकांचा असतो, आणि त्यासाठी त्यांच्यातील ज्येष्ठाला रीतसर बोलावून मानधन द्यावे लागते. हे ऐकल्यावर मला आमची स्नेहसंमेलने आठवली. व्यासपीठावरच्या पाहुण्यांना शाल-श्रीफळ मिळते, आणि शहापूर-जव्हारहून बसने आलेल्या तारपकऱ्याला पुलावाची एक ताटली आणि ‘फार छान वाजवता हं काका’. ठाण्यात आपण रिक्षावाल्याला काका आणि धुण्याभांड्याच्या बाईंना मावशी म्हणतो, त्यामुळे नात्याच्या शब्दाने आदर दिला असे आपल्याला फार लवकर वाटते. तिथे ज्येष्ठांना ‘अंकल’ किंवा ‘आंटी’ म्हणतात तो समाजाने दिलेला मान असतो, आणि परक्याने तो शब्द वापरण्यापूर्वी त्या व्यक्तीला चालेल का ते विचारावे असे छात्रशिक्षकांना सांगितले जाते.

दुसरा धडा नावांचा. युरोपीय लोक आले तेव्हा त्या खंडावर अडीचशेहून अधिक भाषा बोलल्या जात होत्या, म्हणून ‘अ‍ॅबोरिजिनल लोक असे मानतात की’ हे वाक्यच मुळात संशयास्पद ठरते. आग्नेय भागातले अनेक लोक स्वतःला कूरी म्हणवतात, नैर्ऋत्येकडचे नूंगार, आर्नहेम लँडच्या ईशान्येकडचे योल्ङु. ठिपक्यांची चित्रे मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी प्रदेशातली आहेत. मेलबर्नच्या परिसरातल्या लोकांची परंपरा रेषांची आणि पॉसम या झाडावर राहणाऱ्या प्राण्याच्या कातड्याच्या झग्यांवर कोरलेल्या खुणांची आहे. आमच्या तक्त्यावर जसा ‘आदिवासी’ म्हणजे वारली झाला होता, तसेच ठिपके म्हणजे सारे ऑस्ट्रेलिया झाले होते. ठाणे जिल्ह्यातल्या कातकऱ्यांच्या, ठाकरांच्या, मल्हार कोळ्यांच्या मुलांना ‘तुमची वारली चित्रकला’ असे सांगणारे शिक्षक मी पाहिले आहेत. दादरच्या माणसाला ‘तुमचा भांगडा’ म्हटले तर तो काय म्हणेल, असे मी एकदा वर्गात विचारले होते. सगळे हसले, मात्र वहीत कोणी काही लिहून घेतल्याचे दिसले नाही.

ऑस्ट्रेलियात काही ठिकाणी मृत व्यक्तीचे नाव ठरावीक काळ उच्चारत नाहीत आणि छायाचित्रही दाखवत नाहीत, म्हणून तिथल्या पुस्तकांच्या आणि चित्रफितींच्या आरंभी तशी सूचना असते. कुटुंबात दुखवटा असेल तर मूल बरेच दिवस शाळेत येत नाही, आणि शिक्षकाने ते गैरहजेरीच्या खात्यात टाकून मोकळे व्हायचे नसते. नवऱ्याचे नाव न घेण्यासाठी उखाण्यांचे अख्खे शास्त्र उभारणाऱ्या समाजाला नावाचे हे वजन समजायला अडचण पडू नये.

अडचण पडली ती वेगळ्याच जागी. हे सारे मी यंदाच्या तुकडीपुढे मांडत होते आणि सांगत होते की, काही गोष्टी, काही गाणी, काही चिन्हे बाहेरच्यांना दाखवायची नसतात. काही फक्त पुरुषांनी तर काही फक्त स्त्रियांनी पाहायची असतात. शिक्षकाला ते माहीत झाले तरी ते फळ्यावर लिहिण्याचा अधिकार त्याला मिळत नाही. तेव्हा मागच्या बाकावरच्या एका छात्राध्यापिकेने हात वर केला. “मॅडम, ज्ञान काही लोकांनीच घ्यायचं आणि बाकीच्यांनी नाही, हेच तर आपल्याकडे चालू होतं ना? मग फुल्यांनी काय चुकीचं केलं?”

तासाची घंटा होईपर्यंत मला नीट उत्तर देता आले नाही, आणि मी ते देता येत नसल्याचे तिला सांगितले. १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली तिथून आपल्या शिक्षकी पेशाची वंशावळ सुरू होते. झाकलेले ज्ञान उघडणे म्हणजे शिकवणे, ही आमची श्रद्धा आहे आणि ती अतिशय कष्टाने मिळालेली आहे. त्यामुळे ‘हे दाखवू नका’ असे कोणी म्हटले की महाराष्ट्रातल्या शिक्षकाच्या मनात पहिली शंका येते ती सोवळ्याची, आणि ती यावी हेही योग्यच.

पुढच्या आठवड्यात मी तिच्यापुढे दोन प्रश्न ठेवले. झाकणाऱ्याच्या हाती सत्ता आहे की झाकणे एवढेच त्याच्या हाती उरले आहे? आणि जे झाकले आहे, त्यावाचून दुसऱ्या कोणाचे जगणे अडते का? अक्षरओळख, गणित, कायदा यांवाचून माणसाला गुलामीत राहावे लागते. ते ज्यांनी अडवले त्यांनी दुसऱ्यांची वाट अडवली. मध्य ऑस्ट्रेलियातल्या एखाद्या विधीची चिन्हे ठाण्याच्या मुलाने पाहिली नाहीत तर त्याचे काहीही अडत नाही, मात्र ती चिन्हे टी-शर्टवर छापली गेली तर ज्यांची जमीन, मुले आणि भाषा आधीच नेली गेली त्यांच्याकडचे उरलेलेही जाते. छात्राध्यापिकेचे यावर पूर्ण समाधान झाले नाही. त्याच समाजातल्या स्त्रीला एखादी गोष्ट नाकारली जात असेल तर तिने काय करायचे, असे तिने पुढे विचारले. ते तिने ठरवायचे, तिच्या वतीने मी किंवा तू नाही, असे मी म्हणाले. यापलीकडे मला आजही जाता आलेले नाही.

पापुन्याची हकीकत मी याच संदर्भात सांगते, कारण तिच्यात एक शिक्षक आहे आणि तीही शाळेच्या भिंतीपासूनच सुरू होते. अ‍ॅलिस स्प्रिंग्सच्या वायव्येस सुमारे २४० किलोमीटरवर, सरकारने निरनिराळ्या वाळवंटी समाजांना एकत्र आणून वसवलेले पापुन्या नावाचे गाव आहे. १९७१ साली जेफ्री बार्डन हा चित्रकलेचा तरुण शिक्षक तिथल्या शाळेत आला. मुले कागदावर पाश्चात्त्य धाटणीची चित्रे काढत, आणि वर्गाबाहेर वाळूत बोटांनी वेगळेच आकार काढत. त्याने त्या आकारांना शाळेत वाव दिला, आणि लवकरच गावातल्या ज्येष्ठ पुरुषांनी आपसांत विचारविनिमय करून शाळेच्या भिंतीवर मधमुंगीच्या कथेचे भित्तिचित्र काढले. ती कथा त्या जागेचीच होती. पुढे त्याच पुरुषांनी फळ्यांच्या तुकड्यांवर चित्रे काढायला सुरुवात केली आणि १९७२ साली त्यांची स्वतःची संस्था उभी राहिली. भिंतीवरचे चित्र १९७४ साली रंग फासून पुसले गेले; त्या चित्रातून जन्मलेल्या कलेचा जगभर बोलबाला झाला, आणि जिथून ती निघाली ती भिंत मात्र कोरी झाली.

या हकीकतीचा दुसरा अर्ध भाग सहसा सांगितला जात नाही. सुरुवातीच्या चित्रांमध्ये काही अशी पवित्र चिन्हे आली, जी दीक्षा न झालेल्यांनी आणि स्त्रियांनी पाहायची नव्हती. चित्रे बाहेर विकली आणि दाखवली जाऊ लागली तेव्हा इतर समाजांतल्या ज्येष्ठांनी तीव्र नापसंती व्यक्त केली. त्यानंतर चित्रकारांनी ती चिन्हे गाळली किंवा झाकली, आणि झाकण्याचे एक साधन म्हणून ठिपक्यांचे थर दाट होत गेले, असे या कलेचे अभ्यासक सांगतात. म्हणजे घोडबंदर रस्त्यावरच्या मुलांनी कानाच्या काड्यांनी जे हौसेने उठवले, ते ठिपके काही अंशी पडद्याचे काम करत होते. बार्डनचा हेतू चांगला होता आणि त्याने ज्येष्ठांना विचारलेही होते. तरीही गुंता झाला, कारण ज्यांना विचारले त्यांच्यापलीकडेही त्या कथांचे धनी होते. एकदा होकार मिळाला म्हणजे विचारण्याचे काम संपत नाही, एवढे तरी त्यातून छात्रशिक्षकांच्या लक्षात यावे.

शाळेने मुलांच्या जगाकडे वळण्याचा असा थोडाबहुत प्रयत्न आपल्याकडेही पूर्वी होऊन गेला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम मांडले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले; वारली मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळाच कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटले. शंख-शिंपले, बिया, पाने ही त्यांची शैक्षणिक साधने होती. दोघींची नावे आमच्या परीक्षेत हमखास येतात आणि छात्राध्यापक पाच गुणांची टीप झकास लिहितात. मात्र मूल येत नसेल तर वेळापत्रक, जागा आणि साहित्य बदलायचे, हे त्या टिपेतून आमच्या आंतरवासितेच्या, म्हणजे शाळेतल्या सरावकाळाच्या, नियमांपर्यंत कधी झिरपले नाही.

ऐकण्याविषयी एक शब्द भाचीकडून कळला. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डेली नदीकाठच्या मिरियम-रोझ उंगुनमेर-बाउमन या १९७५ साली नॉर्दर्न टेरिटरीतल्या पहिल्या पूर्ण प्रशिक्षित अ‍ॅबोरिजिनल शिक्षिका झाल्या. त्यांच्या भाषेत ‘दादिरी’ म्हणजे आतून, शांतपणे, घाई न करता ऐकणे. आमच्या निरीक्षण तक्त्यात ‘प्रश्न विचारल्यावर विद्यार्थ्यांचा प्रतिसाद’ असा मुद्दा असतो, आणि वर्गात चार क्षण शांतता पसरली की निरीक्षक गुण कापतात. मीही कापले आहेत. रिबीन चघळणाऱ्या त्या मुलीच्या गप्प राहण्याचे गुण कोणत्या रकान्यात टाकायचे, हे मला त्या दिवशी कळले नव्हते.

यंदा मी एवढेच केले की, पाठ टाचणात ‘शैक्षणिक साधने’ या रकान्याखाली पेन्सिलीने एक रकाना आखायला लावला : ‘कोणाला विचारले?’ विद्यापीठाच्या नमुन्यात तो नाही, त्यामुळे शाईने आखण्याचे धाडस अजून झालेले नाही. पहिल्या आठवड्यात त्यात काय काय आले ते सांगण्याजोगे आहे. एकाने ‘गूगल’ लिहिले. एकीने ‘मैत्रिणीची आई’ लिहिले, आणि चौकशी केल्यावर ती मैत्रीण कोल्हापूरची निघाली. चेंदणी कोळीवाड्यावरचा पाठ घेणाऱ्या मुलाने आपल्या आजीचे नाव लिहिले आणि आजीने कोणती दोन गाणी शाळेत म्हणायची नाहीत असे बजावले तेही लिहिले. आणखी एकाने लिहिले, ‘विचारायला कोणी सापडले नाही, म्हणून हा भाग गाळला.’ त्या टाचणाला मी सर्वांत जास्त गुण दिले, त्यावरून शिक्षकखोलीत माझी थोडी थट्टा झाली.

फुल्यांविषयी प्रश्न विचारणाऱ्या छात्राध्यापिकेने कणसरीवर, म्हणजे वारल्यांच्या धान्यदेवतेवर, पाठ घ्यायचे ठरवले होते. या वेळी तिने आधी पाड्यावर जाऊन विचारले. जिच्यामुळे हे सारे सुरू झाले त्या मुलीच्या आत्याने तिला ओटीवर बसवले, पाणी दिले, आणि सांगितले की भात कापून, झोडून घरात येऊ दे, मग या, आत्ता कोणाला सांगत बसायला सवड नाही आणि ती गोष्ट आत्ता सांगायचीही नाही. कॅनडातल्या अनिशिनाबे लोकांत काही कथा जमिनीवर बर्फ असतानाच सांगतात, म्हणून तिथले शिक्षक त्या कथांचा पाठ हिवाळ्यात ठेवतात, हे तिने माझ्याच तासाला ऐकले होते. त्यामुळे ती हिरमुसली नाही, मात्र आमची आंतरवासिता दिवाळीनंतर पंधरा दिवसांत संपते ही अडचण तिने मला सांगितली.

शाळेला मी जानेवारीत एक तास मागणारे पत्र दिले आहे आणि त्या आत्यांच्या मानधनासाठी महाविद्यालयाच्या पाहुण्यांच्या खर्चातून तरतूद व्हावी असा अर्जही केला आहे. दोन्हींचे उत्तर यायचे आहे. टाचण माझ्याकडे तपासायला आले तेव्हा नव्या रकान्यात आत्यांचे नाव होते, आणि दिनांकाच्या जागी तिने लिहिले होते, ‘भात घरात आल्यावर.’